तातूदादांची चाळीस पावलं

प्रिय तातूदादा,

कसे आहात? डावा पाय अजून ओढतो, की तिकडे चढच नाहीत? वहिनींचा दमा बसला का? आणि आपला मोती, तुमच्या व्हॉल्व्हच्या चावीमागून घाटकोपरभर फिरणारा तो कुत्रा, भेटला असेल तर त्याच्या कानाची जखम भरली का तेवढं बघा. मी विक्रोळीत बरा आहे. साखर आहे, पण कह्यात आहे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आजच कागद घेऊन बसलो, कारण आज सकाळी मी तुमच्यासारखा चाललो.

सांगतो. आपल्या पाणीखात्याचे जुने नकाशे आता कॉम्प्युटरवर चढवतायत. जुनी माणसं हवीत म्हणून मलाही बोलावलं. स्नेहा नावाची इंजिनीअर आहे, माझ्या नातीच्या वयाची. तिनं पडद्यावर घाटकोपर दाखवलं. घरं नाहीत, रस्ते नाहीत, नुसत्या पाइपांच्या निळ्या रेषा. टेकडी विरघळून जावी आणि तिच्या पोटातलं पाणी तेवढं हवेत उभं राहावं, तसं. त्या निळाईत कुठेतरी तुम्ही खांद्यावर लांब चावी टाकून व्हॉल्व्ह फिरवायला निघालाय, असं सारखं वाटत होतं.

मग मी ऐटीत तुमची वही काढून दिली. नकाशात नसलेले टेकडीवरचे व्हॉल्व्ह हिच्यात आहेत म्हटलं. ‘पिंपळापासून देवळाकडे चाळीस पावलं.’ असंच सगळं, तुमच्या मापात. स्नेहानं पावलांचे मीटर केले. तीन ठिकाणी खणलं, दादा. तिन्ही ठिकाणी नुसता मुरूम.

“आजोबा, वही चुकलीय,” ती हळूच म्हणाली. “साहेब म्हणतात, यातलं काही नकाशात घेऊ नका.”

नकाशात नाही म्हणजे उद्या कुणाच्या लेखी तो व्हॉल्व्ह नाहीच. एक पाइप फुटला की अख्ख्या टेकडीचं पाणी बंद करणार. आणि तुमचा उभा जन्म? तो मुरुमातच गेला म्हणायचा?

काल दुपारी जरा डोळा लागला, तर तुम्ही पुढे चालताय आणि मी मागे. “माझ्याकडे काय बघतंस मेल्या, पावलां मोज.” जागा झालो आणि लख्ख दिसलं. खड्ड्यात पडलात तेव्हापासून तुमचं डावं पाऊल उजव्याच्या शेजारी येऊन थांबायचं, पुढे जायचंच नाही. तुमची चाळीस म्हणजे चारचौघांची वीस-बावीस!

हे मला आधी सुचायला हवं होतं. चहाच्या वेळी तुमची चाल करून सगळ्यांना हसवणारा मीच ना? एकदा तुम्ही मागे येऊन उभे होतात. “नीट कर रे, डावो पाय आणखी ओढ,” एवढंच म्हणालात आणि चहा तसाच टाकून गेलात. रागवला का नाहीत? चार शब्द ऐकवले असतेत तर मी तेव्हाच पाय धरले असते.

आज पिंपळाखाली उभा राहिलो आणि तीच चाल धरली. मागून स्नेहा, काठीवर बसवलेलं जागा टिपायचं यंत्र घेऊन.

“आजोबा, पाय दुखतोय का?”

“माझा नाही गं. दादांचा.”

चाळिसाव्या पावलाला थांबलो. मजुरानं डांबर फोडलं. पहार लोखंडावर वाजली. झाकण निघालं, दादा, आणि आत आपला व्हॉल्व्ह, काल बंद करून गेल्यासारखा.

स्नेहानं निळ्या रेषेवर एक ठिपका ठेवला आणि वही माझ्या हातातून स्वतःकडे घेतली. “पुढचं पान कधी चालायचं?”

पाय चालतायत तोवर सगळी पानं चालेन, हा शब्द देतो. आणि डावा पाय नीट ओढेन.

फक्त एक अडलंय. शेवटच्या पानावर नुसतं ‘इथून बारा पावलं’ आहे. इथून म्हणजे कुठून? लवकर लिहून कळवा. कागद मिळत नसेल तर एखाद्या दुपारी तसेच पुढे चालायला लागा. मी मागून येतो.

तुमचा,
यशवंता