ठाकूरची हवेली, दूधविनायक

पुणे, दि. ५ ऑक्टोबर १९९५

ती. ताईस,
रत्नाकरचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. नंदाचे गुडघे कुरकुरतात, मी कुरकुरत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

आधी सांगून टाकतो, मग हवं तेवढं रागाव. मुंबईच्या एका सिनेमा कंपनीचे मॅनेजर येऊन गेले. त्यांना काशीत एक हवेली हवी आहे आणि आपलं दूधविनायकाचं घर त्यांनी हेरून ठेवलं होतं. मी होकार दिला. कार्तिकात येतील, चित्रण करतील आणि जातील. तुला तोशीस पडणार नाही असा त्यांनी शब्द दिला आहे.

दुसरं असं की लखनौचा एक हॉटेलवाला घर घ्यायला तयार आहे. पडद्यावर आलेल्या वास्तूला तर तो डोळे झाकून घेईल. घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा तुझी सही लागेल. कागद पाठवतोच. मग तू पुण्याला ये, मागची खोली रिकामीच आहे. त्या माकडांच्या गल्लीत एकटीने किती दिवस काढणार?

लोभ आहेच, सहीही असावी.
तुझा रत्नाकर

काशी, दि. ८ नोव्हेंबर १९९५

चि. रत्नाकरास अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझी हवेली बघायला मिळाली, धन्य झाले.

तुझी माणसं आली तीच मुळी नाक दाबून. व्हॅन गल्लीत शिरत नाही याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. जणू अमृतराव पेशव्यांच्या काळी गल्ली आखताना आपण यांना विचारायला हवं होतं. मग त्यांच्या नायिकेला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. अशी खुर्ची या गल्लीतून घाटाकडे जाताना मी पाहिली आहे, पण तिच्यातलं माणूस थंड पेय मागत नसे.

पुढचं ऐक. त्यांच्या डायरेक्टरला घर पुरेसं जुनं वाटेना. पणजोबांनी चुनारच्या दगडात बांधलेलं, दीडशे वर्षांत एक चिरा न हललेलं घर त्याला फार धडधाकट वाटलं. म्हणून भिंतींवर चहाचं पाणी शिंपडलं, ब्रशने भेगा काढल्या, कोपऱ्यांत कापसाची जळमटं लावली. तुळस उपटून प्लास्टिकची आणली, कारण खरी म्हणे कॅमेऱ्यात मरगळलेली दिसते. जिथे आजोबांची पाठशाळा भरायची, जिथे विद्यार्थी वार लावून जेवायचे, त्या ओसरीवर त्यांच्या सिनेमातल्या ठाकूरचा हुक्का आणि वाघाचं कातडं मांडलंय. वाघ नायलॉनचा आहे.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण परवा यवतमाळच्या दोघी म्हाताऱ्या कार्तिकस्नानाला म्हणून आल्या. त्यांच्या सासवा इथेच उतरायच्या, त्यांच्याही सासवा इथेच. सिनेमाच्या दरवानाने त्यांना दारातून हाकललं, म्हणाला, शूटिंग चल रही है. मला कळलं तोवर त्या गेल्या होत्या. राजा घाटापासून अहिल्याबाई घाटापर्यंत शोधलं, सापडल्या नाहीत. या दारातून दक्षिणी यात्रेकरू माघारी गेला, असं पणजोबांपासून कधी झालं नव्हतं. ते तुझ्या सहीने झालं. मला याचा राग नाही आलेला, मला याची लाज वाटली.

लोभ आहे, पातळ झालाय एवढंच.
प्रमोदिनी

पुणे, दि. १५ नोव्हेंबर १९९५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र नंदाला वाचून दाखवलं. नायलॉनच्या वाघावर आम्ही पोट धरून हसलो. म्हाताऱ्यांचं वाईट वाटलं, पण आता धर्मशाळा काय कमी आहेत? ताई, काळ बदलला, तू तेवढी बदलत नाहीस.

सोबत वकिलाचे कागद आहेत. खुणा केल्या आहेत तिथे सही करून उलटटपाली पाठव. मला यायला जमणार नाही, इतक्या लांबचा प्रवास आता सोसत नाही.

तुझ्या शिव्यांनाही लोभच समजणारा,
रत्नाकर

काशी, दि. २४ नोव्हेंबर १९९५

चि. रत्नाकरास आशीर्वाद, ते आता जिथून पोचतील तिथून.

तुझी कंपनी काल गेली. जाण्याआधी त्यांनी अंगणात एक प्रसंग घेतला. हवेलीची मालकीण मरते आणि तिचा मुलगा पिंडदान करतो. भटजी खरा हवा म्हणून आपल्या प्रल्हादभटांना बसवलं. ते म्हणाले, संकल्प करायचा तर नाव-गोत्र सांगा. डायरेक्टर म्हणाला, "पंडितजी, कुछ भी बोल दीजिए, आवाज तो बाद में बदल जाएगी."

प्रल्हादभटांना कुछ भी बोलता येत नाही, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? चाळीस वर्षं ते याच अंगणात आपल्या घरची श्राद्धं करतात. गोत्र आपोआप कौशिक आलं. नावापाशी ते अडले आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, कारण पितरांची नावं दर वेळी मीच सांगते. मी दारातच उभी होते. त्यांना समोर मी दिसले आणि तोंडातून माझंच नाव गेलं. मुंबईच्या त्या नटाने कौशिकगोत्री प्रमोदिनीला पिंड दिला, तिलोदक दिलं आणि उठून सिगरेट पेटवली. प्रकाश कमी पडला म्हणून पुन्हा दिला.

संध्याकाळी प्रल्हादभट रडत आले. मी त्यांना चहा दिला. खरं सांगू, मला मुळीच वाईट वाटलं नाही. तुझ्या पुण्यातल्या मागच्या खोलीपेक्षा हे बरं, निदान काशीत मेले.

आता तुझ्या कागदांचं. मेलेल्या बाईची सही चालत नाही, वकिलाला विचार. तू म्हणशील, हे सिनेमाचं होतं. मंत्र सिनेमाचे नव्हते. पण त्यावर उपाय आहे. जिवंत माणसाचं और्ध्वदेहिक चुकून झालं, तर शास्त्र सांगतं की त्याला तुपाच्या कुंभातून न्हाऊ घालून नव्याने जातकर्म आणि बारसं करावं. प्रल्हादभट तयार आहेत. करायला जवळचा माणूस हवा. मला तूच एक आहेस. अकरा वर्षांत तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस, आईच्या वर्षश्राद्धालाही तुझी मनीऑर्डर आली होती. ये, अंगणात बस, हव्या त्या नावाने हाक मार.

मात्र बारसं झालं की मी तान्ही. सज्ञान व्हायला अठरा वर्षं लागतील, हॉटेलवाल्याला तेवढं थांबायला सांग.

कागद कोरेच परत पाठवते आहे. भिंतींवरचा चहा आजपासून मी धुवायला घेतला आहे. यवतमाळच्या त्या दोघी सापडल्या, माडीवर झोपल्या आहेत.

लोभ होता.
कै. प्रमोदिनी