यंदाच्या पोळ्यातली माझी झडती

३ ऑगस्ट, रविवार

संकल्प केला. यंदा पोळ्याला गावी जाऊन झडती म्हणायची. तोरणाखाली, बैलांसमोर, अख्ख्या गावादेखत.

(ही रोजनिशी कुणासाठी नाही. तरी पुढेमागे कुणी छापलीच तर पुण्याच्या वाचकांसाठी टीप : आमच्याकडे पोळा भरला की कुणीतरी पुढे होऊन यमकं जुळवत सरकारची, सरपंचाची, महागाईची उडवतो. शेवटी सगळा गाव ‘हर बोला हर हर महादेव’ करतो. त्याला झडती म्हणतात.)

हल्ली झडतीचा दर्जा फार घसरला आहे. विषय तेच ते. खड्डे, सोयाबीनचा भाव, वीज. राष्ट्रीय संस्कृतीवर कुणी बोलत नाही. पंचायत समितीत उभं आयुष्य मी ड्राफ्टिंग केलं. माझ्या मसुद्यात साहेबांनी कधी काना-मात्रा बदलली नाही. हे काम आता मलाच करावं लागणार.

उद्यापासून पहाटे पाचला उठून आवाजाची प्रॅक्टिस.

४ ऑगस्ट

पाचला उठलो नाही. घसा रात्रभर विश्रांतीत होता, त्याला एकदम ताण देणं शास्त्रीय नाही.

६ ऑगस्ट

‘आर्णी विचारमंच’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बैल : आपल्या संस्कृतीचा कणा’ हा लेख टाकला. मोठा आहे, पण विषयच मोठा. दिवसभरात एक अंगठा. पियुषचा. पियुष म्हणजे आमच्या गल्लीतला मेडिकलवाला. संध्याकाळी गोळ्या आणायला गेलो तेव्हा आभार मानले. म्हणाला, काका, चुकून दाबला गेला असेल.

विनयी मुलगा आहे.

७ ऑगस्ट

सत्यशीलाला (पत्नी) संकल्प सांगितला. तिने दोन प्रश्न विचारले. पहिला, गोविंदाभाऊंना विचारलं का? गोविंदा माझा धाकटा भाऊ, गावी शेती तोच करतो. मी म्हणालो, सख्ख्या भावाला काय विचारायचं. त्यावर ती म्हणाली, की पाच पोळे झाले, हंसाबाई दरवर्षी फोन करून बोलावते आणि तुम्ही दरवर्षी जात नाही.

हंसाबाई गोविंदाची बायको. फोन ती करते, हे खरं. पण निमंत्रण घरच्या कर्त्या माणसाकडून यायला हवं. हा प्रोटोकॉल आहे. बाकी माझं आणि गोविंदाचं काही बिनसलेलं नाही. बोलणं होत नाही इतकंच.

दुसरा प्रश्न बैलाला हात लावता येतो का, असा होता. तो मी गैरलागू ठरवला.

१० ऑगस्ट, रविवार

बाजारात एक मोकाट बैल उभा होता. सरावाची संधी म्हणून जवळ गेलो. डोळ्यात डोळे घालून शांतपणे उभा राहिलो. त्याने माझ्या पिशवीतली मेथी खाल्ली आणि नंतर पिशवीही.

संपर्क प्रस्थापित झाला.

१२ ऑगस्ट

झडतीचा पहिला मसुदा तयार. सुरुवात अशी :

हे भारतभूच्या सुसंस्कृत सुपुत्रांनो, ऐका,
परंपरेच्या पुनरुत्थानाचा आज वाजतो डंका,
पाश्चात्त्य प्रभावाने झाकोळली मूल्यांची प्रभा,
म्हणुनी भरविली आज वृषभांची ही सभा...

असं चार पानं. सत्यशीलाला वाचून दाखवलं. ती तुरीची डाळ निवडत होती. दीड पान झाल्यावर म्हणाली, “बैलाचं काय हाय यात? कायले येवढं लांबवता?”

चौथ्या ओळीत ‘वृषभ’ आहे, हे तिला दाखवून दिलं. बाकी ओळींत बैल अध्याहृत आहे. तिने अध्याहृत म्हणजे काय ते विचारलं नाही, डाळ पाखडायला उठली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

कॉलनीतलं झेंडावंदन. ट्रायल घ्यायला याहून चांगली जागा नाही. कॉलनीचे अध्यक्ष राजदीपजी यांनी दोन मिनिटं दिली. सुसंस्कृत श्रोत्यांसमोर दोन मिनिटं म्हणजे काय, हे समजण्याइतका मी अनुभवी आहे. तिसरं पान चालू असताना राजदीपजींनी अचानक राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे सावधान. मीही सावधान. राष्ट्रगीतानंतर बोलण्याची पद्धत नाही, आणि तोवर लाडूचा डबाही उघडला होता.

देशप्रेमी माणूस आहे. वेळेचं भान कमी.

१७ ऑगस्ट, रविवार

गोविंदाचा फोन. स्वतः गोविंदाचा.

त्याच्या पायावर चांद्याने पाय दिला. (चांद्या आणि मोऱ्या ही त्याची बैलजोडी.) अंगठा फुटला, काठी घेऊन चालतो. मुलगा नयन हैदराबादला कंपनीत आहे, त्याला सुट्टी नाही. सालदार (सालाच्या करारावरचा शेतगडी) म्हातारा, तो एक बैल धरेल. दुसऱ्याला माणूस नाही. एक तरी जोडी आपल्या घरची पोळ्यात उभी राहायला पाहिजे, ते नाही झालं तर वाईट दिसेल, असं काहीतरी बोलला. मग विचारलं, येतो का.

थोडक्यात, त्याने मला झडतीसाठी बोलावलं आहे. झडती हा शब्द त्याने उच्चारला नाही. तो पहिल्यापासून संकोची.

येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर उगीच अंगणात तीन-चार चकरा मारल्या. सत्यशीला बघत होती. व्यायाम करत होतो.

१९ ऑगस्ट

आवाजाची प्रॅक्टिस केली. शेजारच्या बबिताताईंनी सत्यशीलाला विचारलं की भाऊंची तब्येत बरी आहे ना. उद्यापासून मनातल्या मनात.

२१ ऑगस्ट, गुरुवार. गावी

दुपारी पोहोचलो. गाव बदललं आहे. पारावर बसलेल्यांपैकी कुणी उठलं नाही. नवी पिढी.

गोविंदाने पाय बाजेवर ठेवला होता. बस म्हणाला, पाणी घे म्हणाला. मग दोघंही अंगठ्याकडे बघत बसलो. अंगठा खरंच फार सुजला होता.

संध्याकाळी खांदमळणी. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. गोविंदा लंगडत उठला, मोऱ्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, आज आवतण घे, उद्या जेवाले ये. चांद्यालाही तसंच सांगितलं. अंगठ्याबद्दल त्याला काही बोलला नाही.

मी जवळच उभा होतो. मला कुणी तूप लावायला सांगितलं तर नकार द्यायचं ठरवलं होतं. कुणी सांगितलं नाही. मग मीच वाटी घेतली आणि चांद्याचा खांदा चोळला. गरम असतो बैलाचा खांदा. हे लेखात लिहायला हवं होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

कालचं आज लिहितो. उजवा हात सुजला आहे, अक्षर वाकडं येतंय.

पोळा आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर भरला. सगळ्या जोड्या रांगेत, झुली, बेगड, घुंगरमाळा. आंब्याच्या पानांचं तोरण. म्हाताऱ्या सालदाराने मोऱ्याला धरलं. चांद्या माझ्याकडे. गोविंदा काठी टेकत मागे उभा. त्याने बजावलं होतं की दोर मनगटाले गुंडाळू नको. पण झडतीचे कागद चार, वारा सुटलेला, कागदांना दोन्ही हात लागणार. म्हणून गुंडाळला. हा निर्णय त्या क्षणी योग्य होता.

आधी बंटीने झडती म्हटली. बंटी मोबाईल दुरुस्त करतो.

रस्ता मंजूर कागदावर झाला,
बैल माया चिखलात गेला,
साहेब येऊन फोटो काढते,
बैल म्हणते, गाडी कोन वढते?

हर बोला हर हर महादेव. लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. सरपंचही हसत होता. विषय पुन्हा खड्डेच. पण गर्दी तापली होती, मला ते फायद्याचं वाटलं.

मी पुढे झालो. पहिल्या चार ओळी स्पष्ट म्हटल्या. शांतता पसरली. पूर्ण शांतता. पाचवी ओळ होती, ‘संस्कृतीच्या रक्षणार्थ प्रकटला तो महादेव’. इथे मी श्वास घेतला.

महादेवाचं नाव आलं म्हणजे झडती संपली, असा गावाचा समज झाला. सगळ्यांनी एकसाथ ‘हर हर महादेव’ केलं. तोरण तुटलं. पोळा फुटला, म्हणजे सगळे बैल एकदम घराकडे सुटले.

पुढचं थोडक्यात. चांद्याला घर माहीत होतं. मी त्याच्याबरोबर होतो. सुरुवातीला पायांवर, मग काही अंतर गुडघ्यांवर. नाली ओलांडताना कागद गेले. एक चप्पलही. दोर सुटत नव्हता. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कुणीतरी मागून ओरडत होतं, सोड दादा, सोड. तो गोविंदा होता. दादा म्हणाला.

दारात हंसाबाई आरतीचं ताट घेऊन उभी. चांद्या आपोआप थांबला. तिने त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. मग माझ्या मनगटावरचे वेढे सोडवले आणि हळद लावली. चांद्याच्या आणि माझ्या हळदीची वाटी एकच होती.

मग जोडी घरोघर फिरवायची असते. सालदार दमला होता, म्हणून दोन्ही दोर माझ्या डाव्या हातात आले. चांद्या आता इतका शांत, जसं काही झालंच नाही. प्रत्येक दारात बैलांची पूजा, आणि बैल आणणाऱ्याला बोजारा. म्हणजे खुशी. चिखलाचा सदरा, एका पायात चप्पल, लोक माझ्या खिशात नोटा कोंबत होते. मी निवृत्त वरिष्ठ सहायक आहे, असं एका दारात सांगितलं. त्यांनी बरं म्हटलं आणि वर एक नारळ दिला.

शेवटचं दार मैनाबाईचं. फार म्हातारी, डोळ्यांना कमी दिसतं. लहानपणी मी तिच्या बोरीची बोरं पाडायचो. तिने बैलांना ओवाळलं, माझ्या हातात दहाची नोट दिली, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि मागून येणाऱ्या गोविंदाला विचारलं, “हा नवा सालदार कुठचा आनला रे?”

मी नाव सांगायला तोंड उघडलं. गोविंदा आधी बोलला.

“नवा नाही वं माय. जुनाच हाय. मधात सोडून गेलता.”

मैनाबाई म्हणाली, मंग ठीक. आता ठेवून घे.

परत येताना गोविंदाला काठीने चालवत नव्हतं, तर त्याने एक हात माझ्या खांद्यावर टाकला. जड हात आहे त्याचा. बैल पुढे, आम्ही मागे. घरी येऊन पुरणपोळ्या खाल्ल्या. किती ते लिहीत नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे.

२४ ऑगस्ट, रविवार. आर्णीच्या बसची वाट बघताना

परिस्थितीचा आढावा घेतला. झडती पाच ओळींपर्यंत पोहोचली. त्यानंतरच्या गर्दीच्या उद्रेकाला प्रतिसाद म्हणावं की गैरसमज, यावर दोन मतं होऊ शकतात. पुढच्या वर्षी ‘महादेव’ शेवटच्या पानावर घ्यायचा. मुळात मसुदा पाठ करायचा.

गोविंदा नको नको म्हणताना फाट्यापर्यंत आला. हंसाबाईने दिलेली तुरीच्या डाळीची पिशवी त्यानेच धरली होती. बसला वेळ होता. दोघंही रस्त्याकडे बघत उभे होतो.

मग तो म्हणाला, “नयनचं काई खरं नाही. पुढच्या पोळ्यालेबी तूच ये, दादा.”

कर्त्या माणसाकडून, तोंडी, समक्ष. प्रोटोकॉल पूर्ण झाला. म्हणून मी विषय काढला. सहज, त्रयस्थ समीक्षकासारखा. विचारलं की झडती कशी वाटली.

त्याने बराच विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या पाडून. लांबून बस दिसायला लागली.

“कोनती झडती?”

मी म्हणालो, काही नाही. येतो म्हणालो.