चादरीचं दुसरं टोक

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाही म्हणून मी फुगून बसले होते, पण बातमीच अशी आहे की राग गिळून लिहायला घेतलं. आपली छबू हॉटेलच्या लॉन्ड्रीत कायम झाली! गळ्यात फोटोचं ओळखपत्र आहे आणि बाईसाहेब ते झोपतानाही काढत नाहीत. बत्तीस वर्षांची घोडी, पण आरशासमोरून हलायला तयार नाही.

आई गेल्यापासून आपल्या या बहिणीचं कसं होणार, हा घोर आपल्या दोघांनाही होता. जिला सगळं सावकाश समजतं, तिला कामावर कोण ठेवणार? पण अशांना कामाला लावणाऱ्या संस्थेने नुसती नोकरी मिळवून दिली नाही, सोबत शिकवायला माणूसही दिलं. छबू त्यांना सोबतबाई म्हणते. त्यांची रीत मला फार आवडली. सुरुवातीला त्या छबूच्या हातावर हात ठेवून चादरीची टोकं जुळवायच्या. मग हात काढला आणि नुसतं कोपराला बोट लावायला लागल्या. पुढे तेही बंद. टेबलापलीकडे उभ्या राहून फक्त दुसरं टोक धरायच्या, कारण मोठी चादर एकट्याच्याने आवरत नाही. नंतर ते टोक इस्त्रीवालीकडे देऊन त्या दाराशी थांबू लागल्या. गेल्या आठवड्यात दारातूनही निघाल्या. जाताना छबूला म्हणाल्या की आता तुला एकटीला जमेल.

मलाच हुंदका आला. छबूने फक्त मान हलवली आणि पुढची चादर उचलली. खाली तिने तुला दोन ओळी लिहिल्या आहेत, अक्षर लागतं का बघ.

तुझी,
ताई

१५ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

छबूचं अभिनंदन. माझं कपाट उघडून तुझी भावजय म्हणते की या माणसालाही त्या संस्थेत घाला. शर्ट तिकडेच पाठवू का घडी घालायला?

चेष्टा राहू दे. एक गोष्ट मनाला खटकली. तू लिहितेस की सोबतबाई गेल्या. खाली छबूने लिहिलंय, ‘सोबतबाई रोज येतात.’ नक्की काय ते कळव. छबू विसरते, घोळ घालते, पण खोटं बोलत नाही.

तुझा,
धाकटा

२८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नाही.

मंगळवारी लॉन्ड्रीच्या सुपरवायझरने बोलावून घेतलं. म्हणाला, काम चोख आहे, पण तुम्ही स्वतः एकदा बघा. इस्त्रीवाली दुसरं टोक धरायला गेली की ते आधीच ताणलेलं असतं म्हणे. तिने एकदा नेट लावून धरलं, तर कोणीतरी तिच्या बोटांतून ते अलगद काढून घेतलं. आता ती छबूच्या टेबलाकडे फिरकत नाही.

मी काचेबाहेर उभी राहिले. भर दुपार होती, दिवे लख्ख, मशीन सुरू. छबूने चादर झटकली. चादर टेबलावरून पलीकडे गेली आणि पलीकडचं टोक खाली पडलंच नाही. बाईमाणसाच्या छातीच्या उंचीवर राहिलं. दोन ठिकाणी चिमटीत धरल्यासारख्या चुण्या पडल्या होत्या. मग ते टोक सावकाश चालत छबूकडे आलं, तिच्या हातातल्या टोकाला लागलं, आणि छबूने ते हसून घेतलं. रोजचंच असल्यासारखं.

घरी आल्यावर तिला खोदून खोदून विचारलं. ती एवढंच म्हणते की सोबतबाईंना अजून सोडता येत नाही.

लोक घाबरलेत. महिनाभरात हे थांबलं नाही तर छबूला घरी बसवावं लागेल, असं सुपरवायझरने हात जोडून सांगितलं. ही नोकरी गेली तर ती पुन्हा खिडकीशी बसेल रे, शाळा सुटल्यावर बसली होती तशी. मला ते बघवणार नाही.

तुझी,
ताई

६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर थापा म्हटलं असतं.

नोकरी गेली खड्ड्यात. छबूला घेऊन सरळ इकडे ये, गच्चीवरची खोली रिकामीच आहे. आणि नाहीच आलीस, तर निदान त्या बाईंना गाठ. त्या नक्की आहेत कुठे? मला झोप नाही, लवकर लिही.

तुझा,
धाकटा

२० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच आणि पाणी पी: छबूची नोकरी राहिली. गच्चीवरच्या खोलीत तू खुशाल कुंड्या ठेव. दुसरं टोक आता इस्त्रीवाली धरते. ती अजून बिचकते, म्हणून छबूच तिच्या हातावर हात ठेवून उभी राहते.

तुझ्या सांगण्यावरून मी सोबतबाईंचा पत्ता काढला. त्या भावाच्या घरी होत्या. छबूला सोडून गेल्या त्याच संध्याकाळी कोसळल्या, तेव्हापासून शुद्ध नाही. डॉक्टरांनी आशा सोडली होती. डोळे मिटलेले, चेहरा मेणासारखा, पण हात सुरू होते. पांघरुणाची कड चिमटीत धरायची, ताणायची, टोकाला टोक लावायचं. त्यांची वहिनी म्हणाली की हे दिवसाच चालतं. भर दुपारी जेवणाच्या वेळी हात थांबतात आणि आठवड्यातून एक दिवस अजिबात हलत नाहीत. असं का, ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं: तोच छबूच्या सुट्टीचा दिवस.

तुझं ऐकून छबूला तिकडे आणलं असतं, तर ते टोक धरून त्या कुणाची वाट बघत राहिल्या असत्या, देव जाणे.

मी छबूला सगळं सांगितलं. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली की त्यांना शिकवावं लागेल, मला घेऊन चल. ओळखपत्र घालूनच निघाली.

तिथे गेल्यावर तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पांघरुणाची टोकं जुळवली. पुन्हा जुळवली. मग हात काढला, कोपराला नुसतं बोट लावलं. मग तेही काढून पलंगाशेजारी उभी राहिली. हात चालूच होते. छबू एकेक पाऊल मागे सरत दाराशी आली. मी आणि वहिनी भिंतीला चिकटून बघत होतो. त्या हातांनी आपली आपण टोकं जुळवली, घडी घातली, तळव्याने ती नीट दाबली आणि ते त्या घडीवरच विसावले. वहिनीने नाकाशी बोट धरलं आणि हंबरडा फोडला.

मीही रडायला लागले, तर छबूने माझा हात धरून मला बाहेर नेलं. म्हणाली, रडू नकोस, आता त्यांना एकटीला जमेल.

माया आहे तशीच राहू दे. तिचं एक टोक तुझ्याकडे आहे.

तुझी,
ताई