रविवारच्या खोलीबाबत

मी, श्रीमती भामा सुरेश उमरीकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण सही माझीच आहे, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. कारण कलम चारमध्ये दिलं आहे.

१. भिंतीवरचं घड्याळ माझे दीर अंबाजी यांना द्यावं. दर रविवारी माझ्या पुढच्या खोलीत आम्ही सात-आठ जण पडद्यावर संथ सिनेमे बघतो. भाऊजी मात्र घड्याळाकडेच जास्त बघत आले. "वहिनी, यात पुढं काही होतंय का?" हे विचारायचं त्यांनी कधी सोडलं नाही, आणि यायचंही सोडलं नाही. चहासाठी येतो म्हणतात. म्हणोत बापडे.

२. बेगम बाजारातून आणलेली मोठी किटली आणि स्टीलचे पेले शेजारच्या भाग्यलक्ष्मीगारूंना. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू कामापुरतं येतं. या सिनेमांत कोणी फारसं बोलत नसल्यामुळे आमचं कधी अडलं नाही. सिनेमा संपल्यावर चहा ओतेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांचाच.

३. वेताची खुर्ची माझ्या यजमानांची. ती विकू नये. अर्धांगवायूनंतर ह्यांना सदऱ्याची बटणं लावायला फार वेळ लागे. मला कुठला दम निघायला, मीच झटकन लावून मोकळी होई. एका रविवारी सिनेमात एक म्हातारा कोटाची बटणं लावत होता. खालपासून वरपर्यंत सगळी, आणि कॅमेरा जागचा हलेना. आधी कंटाळा आला. मग मी त्या बोटांकडेच बघत राहिले, आणि शेवटचं बटण लागलं तेव्हा मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या सदऱ्याला हात लावला नाही. सगळी बटणं लावून झाल्यावर ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरले नाही. लोक या सिनेमांना रटाळ म्हणतात. असतीलही. पण नवऱ्याजवळ नुसतं बसायला मला त्यांनीच शिकवलं.

४. राहतं घर माझा एकुलता एक मुलगा हर्षवर्धन याला. घर बिल्डरला देऊन फ्लॅट घ्यावेत असं त्याचं मत. म्हणून मागच्या मृत्युपत्रात मी अट घातली होती, की पुढची खोली पाडू नये आणि रविवार चालू ठेवावा. त्यात जुना रागही होता. एकदा सिनेमा चालू असताना चित्र अडकलं. रिकामं अंगण, दोरीवर एक गोधडी. आम्ही सगळे तो सिनेमाच समजून कितीतरी वेळ बघत बसलो. भाऊजी तर म्हणाले, आज पहिल्यांदा काहीतरी कळलं. तेवढ्यात हर्षवर्धन आत आला आणि म्हणाला, "आई, हँग झालाय तो." पुढे ही गोष्ट त्याने प्रत्येक लग्नकार्यात हसून हसून सांगितली. मला ते लागलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला जे सांगायचं ते सांगितलं. त्या रविवारी मी कोणालाच बोलावलं नाही. हर्षवर्धन आपणहून आला आणि वेताच्या खुर्चीत बसला. मी तोच सिनेमा लावला. चित्र त्याच अंगणावर पुन्हा अडकलं, पण माझ्या ध्यानात यायला बराच वेळ गेला. बघते तर याचा फोन खिशात, हात माझ्या हातावर.

"अरे, हँग झालंय ना हे?"

"हौ. मघाशीच."

"मग सांगितलं नाहीस?"

"तू बघत होतीस ना. मीपण बघत होतो."

मी उठून चहा ओतला. मगच आम्ही डॉक्टरांचं बोलणं काढलं.

सबब अट काढून टाकली आहे. घर ठेवावं की पाडावं, त्याची मर्जी. त्याला आता बसता येतं.

ठिकाण: नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

सही: भामा सुरेश उमरीकर

साक्षीदार (दोघेही आमच्या रविवारच्या मंडळींतले नाहीत, त्यामुळे सही होताना पूर्ण जागे होते):
१. प्रथमेश देगलूरकर
२. सुशीलाबाई नळदुर्गकर