वरची निरोगी पानं

सर, सकाळपासून चौथ्यांदा गॅलरीत जाऊन आलो. कुंडीतल्या मिरचीची खालची पानं रोगानं आकसून पिवळी पडली आहेत, आणि वर नवी फुटलेली मात्र नितळ, हिरवीगार. सून म्हणते, "बाबा, बसा ना जरा. मिरची कुठे पळून जात नाही." बसवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं तुमचं काचघर डोळ्यांपुढे येतं. यशवंतपूर स्टेशनच्या बाजूनं मालगाडीचा खडखडाट येतोय. तंबाखूच्या रोपांना विषाणूची लागण करायची म्हणून मी रोगी पानांचा रस बोटानं चोळतोय, आणि शाळेतली कविता पुटपुटतोय. तुम्ही मागे येऊन उभे, आणि तुमच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणता, "कविराज, स्वल्प हळू. पान आहे ते, पातेलं नव्हे." त्या खेपेला सगळी रोपं आजारी पडली, पण तीन आठवड्यांनी तीन रोपांना वर निरोगी पानं फुटली. मला वाटलं, कवितेच्या नादात रस कमी पडला. म्हणून त्या नव्या पानांवर गुपचूप पुन्हा रस चोळला. काही झालं नाही. परत चोळला, तरी नाही. शेवटी तिन्ही उपटून जाळायच्या ढिगात टाकली आणि वहीत लिहिलं, 'पाण्याअभावी सुकली'.

आठवड्यानं तुम्ही विचारलंत, "यातलं एखादं रोप बरं झालेलं दिसलं का रे? झाडाला आपला आजार लक्षात राहत असावा, असं फार दिवस मनात आहे."

"नाही, सर."

"सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच म्हणालात, चष्मा पुसलात, आणि तो विषय पुन्हा काढला नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. ते दशक संपता संपता परक्या लोकांनी ते दाखवलं. झाड विषाणूच्या आरएनएचे चिमुकले तुकडे करतं, ती खूण नव्या पानांपर्यंत पोचते, आणि तोच विषाणू परत आला की त्याला ओळखून तिथंच कापून काढतं. पुढे तर झाडाचे स्वतःचे मायक्रोआरएनएही, म्हणजे त्याच्याच जनुकांना आवर घालणारे तसलेच तुकडे, सापडले, आणि विषाणू आला की त्यांचीही घडी विस्कटते म्हणे. त्या शोधावरच्या एका भाषणाला मी मागच्या रांगेत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझे हात मांडीवरच राहिले.

होती, सर. तीन होती. दोनदा चोळूनही आजारी न पडलेली.

हे कागद मिरचीच्या कुंडीपाशीच राहतील, पोस्टात टाकायचे तरी कुठल्या पत्त्यावर? एक मात्र अजून कुणाला सांगितलं नाही. तुमच्या ओरडण्याला मी भीत नव्हतोच. माझं काचघरात कविता म्हणणं बंद कराल, एवढीच भीती होती.