ठोकून मिटवलेला आकडा

४ जून
कालिकामातेच्या कृपेनं दोह्याला सुखरूप पोचले. अल मन्सूरातलं घर जुनं आहे, पण तळमजल्याचं, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत ह्यांचं काम चालतं. वर्षभर एकटे राहिले तर शेगडीवर तेलाचा हा थर! दुपारभर घासत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात चिंच, शेपू, कढीपत्ता सगळं मिळतं. नाशिकहून उगीच पिशव्या भरून आणल्या. शेजारी वसईची डॉली राहते, नर्स आहे. म्हणाली, अंजनाताई, मी नाईट करून येते आणि तुमचे मिस्टर माझ्या डोक्यात हंडे घडवतात, आता तुम्ही आलात, त्यांना दुपारी झोपायची सवय लावा. मी म्हटलं, पंधरा वर्षं तेच करतेय. फळीवर देव मांडले. बरं वाटलं.

६ जून
ह्यांचं काम आज नीट पाहिलं. समुद्रात बुडी मारणारे पाणबुडे डोक्यावर घालतात ते जुने जपानी टोप जमवायचा इथल्या एका शेखला नाद आहे. चेपलेले, फुटलेले येतात, हे ठोकून सरळ करतात. हंडे-घंगाळी घडवणारा तांबट, म्हणून तर बोलावलं. सध्याचा टोप योकोहामाच्या कुणा म्हाताऱ्या कारागिराचा. तांब्याच्या पत्र्यातून हातानं उठवलेला, आतून कल्हई, तोंडासमोर जाड काच. हे ठोक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, हा आपलाच भाऊबंद बघ, हात किती सारखा पडलाय. टोप आणि खांद्यावर बसणारा भाग, दोन्हींवर एकच आकडा असतो. ह्याच्या खांद्यावर ३१७ आहे. टोपावरचा मात्र ठोकून मिटवलेला.

शेखचा माणूस रहमान आला होता. तो हिंदीत सांगत होता की कारागिराच्या नातीनं सोबत चिठ्ठी दिलीय. ज्या टोपात माणूस बुडून गेला, त्याचा आकडा आजोबा स्वतः मिटवत, तो परत उठवू नका. पण शेखला जोडी जुळलेलीच हवी. हे हसले. म्हणाले, मेलेल्या माणसाच्या घरची भांडी आपण वापरत नाही काय? कल्हई केली की खलास, नवं भांडं.

८ जून
आकडा उठवून झाला. आमच्यात भांडं पुरं झालं की गळती बघायला भरून ठेवतात, आणि ते पहिलं पाणी देवीच्या नावानं असतं. ते बायकांचं काम. टोप चिंच-मिठानं लखलखीत केला, भोकांना बुचं मारली, तिवईवर उलटा बसवला आणि मोजून चौदा तांबे पाणी ओतलं, दर तांब्याला काडीवर खूण करत. हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी नमस्कार केला. आठवडाभरानं शेखची माणसं न्यायला येणार आहेत.

९ जून
खुणांची काडी घालून पाणी परत मोजलं. तेरा तांबे. खाली बोट फिरवलं, फरशी कोरडी. एसीनं उडालं असेल, म्हणून ताट झाकून ठेवलं. हे सकाळपासून खोकतायत.

१० जून
अकरा. ताट होतं तसंच होतं.
ह्यांनी बेसिनमध्ये पाणी ओकलं. कफ नव्हे, स्वच्छ पाणी, तांब्याभर तरी. मी तोंड पुसून दिलं. बोट चाटून पाहिलं तर खारट.
डॉलीनं पाठीला कान लावला, तिचा चेहरा उतरला. दवाखान्यात नेलं. फोटोत छातीत पाणी दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, समुद्रात बुडाले होते का? हे तर वर्षात किनाऱ्यावरसुद्धा फिरकले नाहीत. ठेवून घेत होते, ह्यांनी ऐकलं नाही, काम द्यायचंय म्हणून सही करून घरी आले.

१२ जून
आठ. हे बसून झोपतात. आडवे झाले की गुदमरतात.
दुपारी ताट काढून पाहत बसले. पाणी खाली जात होतं, वर येत होतं. पंखा बंद केला. तरी तसंच. पाणी खाली गेलं की पलीकडे ह्यांना धाप लागते.
ओतून टाकायला टोप कलंडवला. दोन ओंजळी सांडल्या आणि ह्यांचा श्वासच थांबला. ओठ निळे. परत सरळ ठेवला तेव्हा कुठे —
स्तोत्र म्हणायला बसले, शब्द आठवेनात.
पाण्यानं जीव गेलेल्याला मी भरभरून पाणी दिलं. देवीचं नाव घेऊन. माझ्या हातानं.

१३ जून, दुपार
पाच. ह्यांना बोलवत नाही. डॉलीनं ॲम्ब्युलन्स बोलावलीय.
म्हाताऱ्यानं आकडा मिटवला तो उगीच नाही. आता मीच मिटवते. ठोकताना आतून लोखंड टेकवायला लागतं, नाहीतर पत्रा नुसता चेपतो. हे करताना बघितलंय. डावा हात पाण्यात घालायचा. एवढंच.

तीन गेला. पलीकडे ह्यांनी श्वास घेतला. मोठा. मला इथवर ऐकू आला. आई कालिके —
एक गेला.

सात अर्धा. हातातलं लोखंड सुटलं. सुटलं नाही, काढून घेतलं. मनगट कुणीतरी धरलंय. बोटं आहेत. कोमट आहेत.
उजवा हात मोकळा, वही जवळच आहे.
हात ओढला की ह्यांना ठसका लागतो. सैल सोडला की श्वास चालतो. तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.
मग राहू दे हात.

ह्यांनी चहा मागितला! आवाज मोकळा. आलं घाल म्हणाले. मी म्हटलं, आणते हं, बसा तिथंच.
पाणी कोपराला होतं, दंडाला लागलं. मी तर ओतलं नाही.
खांदा. हात आत ओढतंय, मान वाकवायला लागतेय —
ह्यांची पावलं. अहो, इकडे येऊ नका, डॉलीकडे जा. मला ओढायचं नाही. ओढलंत तर तुमचा — मी काय सांगतेय ते ऐका, श्वास घ्या, असाच, अजून एक, अज