खळीवर उभे राहिलेले कपडे

मी, चौकातल्या लाँड्रीची मालकीण, जिला सगळी गल्ली 'इस्त्रीवाली मावशी' म्हणते, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. फुप्फुसांचे दुखणे आता हटणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस पडणाऱ्यांतली मी कधीच नव्हते.

राहते घर सून आणि मुलगा यांना समान हिश्श्याने द्यावे. सुनेचे नाव आधी लिहावे. माझे आजारपण तिने काढले, मुलगा दारातूनच "बरं वाटतंय का?" विचारून जायचा.

दुकान आणि दोन्ही इस्त्र्या शेजारच्या शिंप्यांना द्याव्यात. मोठी इस्त्री एका बाजूला जास्त तापते, ती रेशमावर फिरवू नये.

आता मागच्या खोलीतल्या वस्तूंबद्दल. लोक त्यांना पुतळे म्हणतात. ते कपडे आहेत, आत माणूस नाही. माझी मुलगी तापाने गेली तेव्हा नुकतीच हायस्कुलात जाऊ लागली होती. तिचे कपडे कोणाला देववेनात. एका दुपारी मी तिचा पिवळा फ्रॉक दाट खळीत बुडवला, हँगरच्या तारा वाकवून आत घातल्या, आणि वाळल्यावर तो आपला आपण उभा राहिला. मान असायची तिथे नुसते भोक. तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. ते भोक बघितले आणि बांध फुटला.

हे चिडले. "आत कोणी नाही, मग उभं कशाला करतेस?" बरेच दिवस त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकले नाही. मग एकदा चहाचा कप घेऊन दारात आले आणि म्हणाले, "खांदा चुकलाय. दप्तरानं तिचा डावा खांदा खाली यायचा." कप खाली ठेवला आणि स्वतः तार वाकवली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तिला केले. कधी बसलेली, कधी पालथी झोपलेली, चादरीत तोंड खुपसलेली. हवा दमट झाली की कपडे मान टाकत. पुन्हा खळ करायची. लेकराचे करायचे राहून गेले होते, ते असे करत राहिलो.

हे गेल्यावर त्यांचा कामावरचा सदरा मी एकटीने उभा केला. चूक दाखवायला कोणी नव्हते.

मी हॉस्पिटलात असताना माझ्या नणंदेने "घरात भुतं उभी केलीत" म्हणून तो पहिला फ्रॉक भिजवला, धुतला आणि घडी घालून ठेवला. "बघ वहिनी, कसा स्वच्छ निघाला!" ह्यांनी वाकवलेली तार भंगारात गेली. नणंदेला माझ्या मिळकतीतले काही देऊ नये. ज्या बादलीत फ्रॉक भिजवला, ती मात्र न विसरता पोहोचवावी.

कला महाविद्यालयातले एक प्राध्यापक हे कपडे प्रदर्शनासाठी मागत होते. माणूस सज्जन. पण त्यांना ते काचेच्या पेटीत ठेवायचे होते, आणि शवपेटीत मी लेकीला आणि ह्यांना एकेकदा ठेवून आले आहे. त्यांना देऊ नयेत.

बहीण गेल्यापासून मुलगा त्या खोलीत आला नव्हता. मागच्या महिन्यात ह्यांचा सदरा छातीपाशी खचला. मला उठवेना, म्हणून त्याला हाक मारली.

"आई, टाकून देऊ या ना आता हे सगळं."

"टाक. पण तूच टाक."

त्याने सदऱ्याला दोन्ही हात घातले आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "खळ किती दाट करायची?"

त्याच्या खळीत गुठळ्याच गुठळ्या झाल्या. मी ती तशीच लावू दिली.

म्हणून त्या वस्तू मुलाच्या. ठेवाव्यात की मोडाव्यात, त्याने ठरवावे. त्याला कोणी शहाणपण शिकवू नये.

माझे कपडे मात्र कोणी उभे करू नयेत. स्वेटर सुनेने रोज घालावा, कोपरांवर झिजू द्यावा, आणि पार विटला की त्याने फरशी पुसावी.

वरील मजकूर मी वाचला आहे. यातले काही बदलायचे नाही.

सही: लिहून देणार

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (वाचताना चष्मा दोनदा पुसला, सही सरळ केली)
२. डॉक्टरीणबाई (मी शुद्धीवर असल्याची खात्री करून)

स्थळ: मागची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, दुकान बंद असते तो वार